पाटावरची डिस्क

माझ्या खोलीत ट्रंकेवर एक काळा डबा आहे. टीव्ही नाही, रेडिओ नाही. पुढं एक हिरवा दिवा आणि मागं दोन वायरी. सुनेनं तो तिथं आणून ठेवला तेव्हा मी विचारलं, "ह्यो हितंच कशाला?"

"आत्या, घरात तुमची एकच खोली अशी आहे, जिथली वस्तू कुणी हलवत नाही."

हे खरं होतं. मी हलवू देत नाही.

तो डबा म्हणजे जुना कॉम्प्युटर. पडदा काढून टाकलेला, कीबोर्ड नाही, नुसतं पोट. आमच्या शेडचं सगळं काम त्यात उतरून घेतलेलं असायचं. रोज दिवेलागणीला मी देवापुढं वात लावली की थोड्या वेळानं तो आपण होऊन घुरघुरायला लागायचा. आत कुणीतरी खडे निवडतंय असा कुटकुट आवाज यायचा, आणि जरा वेळानं गप्प. मला त्याची सवय झाली. वीज जाऊन एखाद्या दिवशी तो बोलला नाही, तर जेवताना चुकल्यासारखं वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला कशाची सोबत होईल सांगता येत नाही. काहींना मांजराची होते. मांजर आमच्याकडंही आहे, पण त्याचा जीव दुधात असतो. दुधाच्या पातेल्यावर झाकण, आणि झाकणावर वजन ठेवल्याशिवाय मला बाजारात जाता येत नाही. त्यापेक्षा डबा बरा. काही मागत नाही.

आमची जमीन महाळुंग्याला होती. आता तिथं कंपन्यांच्या भिंती आहेत. त्याबद्दल पुष्कळांनी रडून झालंय, मी रडत नाही. घर राहिलं, आणि मुलाच्या हातात मशीनवरचं काम होतं. आधी तो दुसऱ्याच्या कंपनीत शिफ्ट करायचा, मग तळवड्यात शेड भाड्यानं घेतली. दोन मशीन आहेत. ॲल्युमिनियमचा ओतीव तुकडा आत घट्ट बांधायचा, दार लावायचं, की मशीन आपणच कापतं, आपणच भोकं पाडतं. पण कुठं किती कापायचं, आधी काय आणि नंतर काय, हे त्याला दर वेळी कॉम्प्युटरवरून लिहून द्यावं लागतं. त्या लिहिण्याला प्रोग्राम म्हणतात. मशीन मुलगा चालवतो, प्रोग्राम सून लिहिते. ती लातूरकडची, डिप्लोमा झालेली. मी चौथी पास. आमचं दोघींचं जमतं. मला कळलं नाही तर मी तोंडावर तसं म्हणते, आणि तिला सांगायचा कंटाळा आला तर ती तोंडावर तसं म्हणते.

शेडमधला कॉम्प्युटर चालवायला तिनं विकतच्या ऐवजी लिनक्स घातलं होतं. ते फुकट मिळतं आणि महिनोन्महिने बंद न करता चालतं म्हणून. थेरगावला राहणारा माझ्या बहिणीचा मुलगा मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. तो आला की तिला डिवचायचा.

"वहिनी, फुकटचं गाढव आणलंय तुम्ही. लाथ मारल तवा कळल."

"भावजी, तुमचं विकतचं दर आठवड्याला खाली बसतंय आणि थांबा म्हणतंय. आमचं उभं तर आहे."

"मावशी, बघ तुझी सून!"

"बघतीय की. तू च्या घे आन् गप बस."

आमच्या कामाच्या फायली एका सुट्या डिस्कवर असायच्या. साबणाच्या वडीएवढी काळी डिस्क, वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेली. तिच्यात जे असेल ते रोज संध्याकाळी तळवड्याहून माझ्या डब्यात यायचं. हे आणायचं काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव आरसिंक. त्याला एवढंच सांगितलेलं, की शेडमध्ये जे आहे तेच घरी असलं पाहिजे. तिकडं नवीन फाइल झाली तर इकडं नवीन आणायची. तिकडं एखादी काढून टाकली तर इकडचीही काढायची, नाहीतर डब्यात कचरा साठतो. मी म्हटलं, गडी चांगला आहे, जेवायला मागत नाही आणि उलट बोलत नाही.

तिसरी सोय रविवारची. टार म्हणून एक फार जुना प्रोग्राम आहे, माहिती टेपवर ठेवायचे तेव्हाचा. तो सगळ्या फायली एकीला एक जोडून एकच गाठोडं करतो. मग ते गाठोडं दाबून लहान करायचं आणि पेन ड्राइव्हवर ठेवायचं. तो पेन ड्राइव्ह माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवलेला होता. रविवारी सून माझ्या खोलीत येऊन म्हणायची, "आत्या, जुडगा द्या." डब्याला लावायची आणि कामाला जायची. गाठोडं बांधून झालं की तिच्या फोनवर एक शब्द यायचा, "झालं". तो शब्द डब्यानं शोधून काढलेला नव्हता, तिनंच त्याला लिहून दिलेला होता, की शेवटी असं म्हणायचं. ती जुडगा काढून माझ्या हातात द्यायची. मी कमरेला खोचायची. गावभर फिरताना आमची अख्खी शेड माझ्या कमरेला आहे, या गोष्टीचा मला थोडा ताठा होता. देवळातल्या बायकांना मी दाखवलाही होता. त्यांना वाटलं, मच्छर मारायचं काहीतरी आहे.

त्या वर्षी शेडला एक नवीन काम मिळालं. चाकणच्या एका कंपनीसाठी पंपाची बॉडी. भिंती पातळ, जरा जास्त आवळलं की वाकते आणि भोक गोल राहत नाही. तिला मशीनमध्ये धरायची कशी आणि कुठून कापायला सुरुवात करायची, हे शोधण्यात नवराबायकोचा सगळा पावसाळा गेला. घरी जेवतानाही तेच. हा ताटात भाकरी उभी धरून दाखवायचा, ती म्हणायची असं नाही, आडवी धरा. बिघडलेले पीस निघतच होते. शेवटी दसऱ्याच्या आधी एक पीस जमला. दसरा झाल्यावर येणाऱ्या सोमवारी कंपनीत नमुने न्यायचे होते. पास झाले तर काम कायमचं आपलं. नाही दिले तर ते काम घ्यायला दुसरी शेड तयारच होती, आणि आमचं दुसरं मशीन त्याच कामाच्या भरवशावर हप्त्यानं घेतलेलं होतं.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पूर्वी नांगर, कुळव, विळे मांडायचो, आता शेडमध्ये मांडतो. मुलगा त्याच्या आधी सगळं झाडून-पुसून घेतो, भंगार देऊन टाकतो. मग पाट मांडायचा, त्यावर लाल कापड, त्यावर नट आवळायचे पाने, हातोडी, ड्रिल, मापं घ्यायची हत्यारं, सगळं ओळीनं. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. त्या दिवशी हत्याराला विसावा.

आधी सुनेचं हत्यार म्हणून कीबोर्ड ठेवायचे. त्या वर्षी ती दारात रांगोळी काढत होती तेव्हा मुलगा मला म्हणाला, "आये, कीबोर्ड ठिवून काय व्हतंय? ती नुसती बटनं. हिचं खरं काम तर ह्याच्यात हाय." आणि त्यानं ती डिस्क वायरीतून काढली आणि पाटावर मधोमध ठेवली. स्वतःची मापं बाजूला सरकवून. तिला झेंडूचं फूल वाहिलं.

सून रांगोळीचे हात घेऊन आत आली. पाट बघून थबकली. "अहो, काढलीत का? काही चालू नव्हतं ना?"

"सगळं बंद हाय. आज तुझ्या हत्याराचा मान."

तिचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडं बघायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं बायकोच्या कामाला पाटावर मधली जागा द्यावी, हे मी आमच्या घरात पहिल्यांदा बघत होते. माझं खुरपं कुणी मध्ये ठेवलं नव्हतं.

मुलानं नारळ फोडला, आणि आमच्या रीतीप्रमाणं त्याचं पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडलं. लोखंडावर लगेच तेलाचा हात फिरवतात, गंज धरू नये म्हणून. डिस्कला तेल कोण लावणार? तिला त्यानं रुमालानं पुसलं आणि वर कुंकवाचं बोट टेकवलं. कॉम्प्युटरला हार घातला. तो तेवढा चालूच होता, कारण तो कधी बंद करायचा नाही ही सुनेची शिस्त. शेडला कुलूप घालून आम्ही घरी आलो.

संध्याकाळी मी वात लावली. डबा बोलायला लागला, आणि त्या दिवशी तो थांबेना. रोजच्यापेक्षा किती तरी जास्त. मी स्वयंपाकघरात हाक मारली, "अगं, तुझा डबा आज लई कामात हाय."

ती दारात येऊन ऐकत उभी राहिली. हाताला पुरण. "सणाचा दिवस, आत्या. त्यालाही जोर आलाय."

आम्ही दोघी हसलो. मी तर त्याच्यावरही हळदीकुंकू वाहिलं.

दसरा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून शेडवर गेले आणि जरा वेळानं तिचा मला फोन आला.

"आत्या, डब्याचा दिवा हिरवा आहे का?"

"हाय की."

"त्याला हात लावू नका. कुणाला लावू देऊ नका. मी यायले."

ती रिक्षानं आली. चप्पल दारात न काढता थेट खोलीत. तेवढ्यावरूनच काहीतरी बिनसलंय हे मी समजले, बाकीचं तिनं सांगितलं. नारळाचं पाणी डिस्कच्या वायर लावायच्या फटीतून आत गेलं होतं. डिस्क टकटक करत होती, पण उघडत नव्हती. "असू द्या," ती म्हणाली, "डब्यात सगळं आहे." लॅपटॉप डब्याला जोडून ती ट्रंकेपुढं जमिनीवर बसली. थोडं टाइप केलं. मग हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

"काय झालं?"

"रिकामा आहे, आत्या."

"डबा तर हितंच हाय."

"डबा आहे. आत काही नाही." मग ती मला सांगायला लागली, पण खरं तर स्वतःलाच सांगत होती. "डिस्क पाटावर. कॉम्प्युटर चालू. संध्याकाळी आरसिंक उठला, डिस्कच्या जागी बघितलं, तर तिथं काहीच नाही. डिस्क काढलीय का, हे तो विचारत नाही. शेडमध्ये काही नाही, तर घरी पण काही नको. एकेक फाइल पुसत गेला. जसं सांगितलं तसं."

"म्हंजी त्या दिवशी त्यो बोलत व्हता..."

"पुसत होता."

मला त्या डब्याचा इतका राग आला, की मी त्याच्यावरचं कुंकू पदरानं पुसून टाकलं. घर रिकामं दिसलं म्हणून धान्याची कणगीही रिकामी करून ठेवणारा गडी! पण डब्याशी भांडून काय मिळणार? मी कमरेचा जुडगा काढून तिच्या हातात दिला. "ह्यो हाय की."

तिनं पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर फायलींची नावं भराभर वर सरकायला लागली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मीही चष्मा लावून बघत होते, इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हलतंय एवढं बरं वाटत होतं. आणि मग ते थांबलं. खाली इंग्रजीत एक ओळ आली. तिनं मला तिचा अर्थ सांगितला: गाठोडं मध्येच संपलंय.

झालं होतं असं. तो पेन ड्राइव्ह ज्या जुन्या पद्धतीनं आखलेला होता, त्यात एकच फाइल एका मापापेक्षा मोठी मावत नाही. आमचं काम वाढत गेलं तसं गाठोडं त्या मापाच्या बाहेर गेलं. तेव्हापासून दर रविवारी गाठोडं तिथपर्यंत बांधलं जायचं आणि पुढचं कापलं जायचं. टारनं तक्रार केली असणार, पण ती बघायला कुणी नव्हतं. शेवटी "झालं" म्हण, असं सांगितलेलं, म्हणून दर रविवारी "झालं" येत राहिलं. काय झालं ते कुणी विचारलं नाही. आणि फायली गाठोड्यात वर्णमालेप्रमाणं जात नाहीत, हाताला लागतील तशा जातात. त्यामुळं नको असलेली काही कामं पूर्ण निघाली, आणि पंपाच्या बॉडीचा नुसता पहिला, कच्चा प्रोग्राम. पावसाळ्यात शिकलेलं सगळं कापल्या गेलेल्या भागात होतं.

पुसलेलं परत काढायचाही एक प्रोग्राम असतो. तो तिनं डब्यावर चालवला. फायली आल्या, पण नावं गेलेली, अर्धवट तुटलेल्या. पुरात वाहून आलेली भांडी कशी असतात, कुणाची ते कळत नाही आणि तळ नसतो, तशा.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "पण बॅकअप होता ना?"

"होता," सून म्हणाली.

"होता म्हंजी होता का नव्हता?"

तिनं फोन माझ्याकडं दिला. मी म्हटलं, "बाबा, तुझ्याकडं काय उपाय असंल तर सांग, नसंल तर आमी जेवतो."

"मावशी, डिस्क पुण्यात उघडून बघतात. पण सोमवारच्या आत न्हाई व्हायचं."

"मग ठिव."

मुलगा आला तोवर ती तशीच भिंतीला टेकून बसलेली. तो म्हणाला, "माझ्याच हातानं काढली मी. मला काय दुर्बुद्धी सुचली..." ती म्हणाली, "तुमचं काही नाही. मी एकदाही गाठोडं उघडून बघितलं नाही." "अगं पण पाणी तर मीच शिंपडलं." "पण पुसायला मीच सांगितलेलं."

मी दोघांना म्हटलं, "चूक अर्धी-अर्धी वाटून घ्या, आन् भाकरी पन. चला."

जेवताना मी तिला सांगितलं, की आमच्याकडं बाजरीचं बियाणं राखेत घालून मडक्यात ठेवायचे, पण पेरायच्या आधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघायचे, उगवतंय का. मडकं भरलेलं असलं म्हणून बियाणं जिवंत असतं असं नाही. तिनं घास खाली ठेवला.

"आत्या, आमच्या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर हेच लिहिलेलं असतं. ठेवलेलं परत काढून बघा."

"मग बघितलं का न्हाई?"

"तुम्ही दर वर्षी गोणपाटात घालून बघत होता?"

मी आठवून बघितलं. "न्हाई. घाईच असायची."

मुलाला आधी हसू आलं, मग तिला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण माणूस हसतो.

हात धुवायला ती स्वयंपाकघरात गेली. मांजर ओट्यावर चढून पातेल्याच्या झाकणाशी खटपट करत होतं. तिनं त्याला हाकललं आणि झाकणावरचं वजन सरळ करून ठेवायला गेली. ते वजन तिनं हातात घेतलं आणि खाली ठेवलंच नाही.

"आत्या, हा पीस इथं कधी आला?"

ती पंपाची एक बिघडलेली बॉडी होती. शेडमधले नापास पीस मी घरी घेऊन यायची. चांगलं जड ॲल्युमिनियम, भंगारात का द्यायचं? "पावसाळ्यात कवातरी आणला," मी म्हटलं. "आजून पन हायती."

तिनं नवऱ्याला हाक मारली. त्यानं पीस खिडकीपाशी नेऊन तिरका धरला आणि बोट फिरवलं. "हितं आवळलेला दिसतोय. म्हंजी तवा आपण वरून धरत व्हतो. ह्यो वाकला त्योच."

"आणि कापायला सुरुवात या कडेनं केलीय. रेघा बघा ना, अहो."

"आये, दुसरे कुठंयत?"

शेडमधलं सगळं भंगार खंडेनवमीच्या आधीच गेलं होतं, जमलेला पीस आतून मापायला कापला होता तोही त्यातच. घरात होते तेवढेच राहिलेले. माझ्या दाराला अडसर म्हणून एक होता. तुळशीच्या कुंडीखाली एक. एक तिनं स्वतःच आरशामागं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला आणि विसरलेली. आणि एक मी शेजारणीला दिला होता. मुलगा भिंतीवरूनच बोलला.

"काकू, आईनं दिलेला त्यो ॲल्युमिनियमचा पीस हाय का?"

"हाय की. त्यानं मी लसूण ठेचते. का रं?"

"परत पायजे."

"दिलेली वस्तू परत मागायला लागली का तुझी आई? आणि मी लसूण कशानं ठेचू?"

मी माझा बत्ता घेऊन गेले तेव्हा तिनं पीस सोडला. त्याला लसणाचा वास इतका, की मुलानं तो साबणानं दोनदा धुतला.

ते सगळे पीस माझ्या खोलीत फरशीवर मांडले. एकही धड नव्हता. एकाचं भोक सरकलेलं, एकाची भिंत वाकलेली, एक आतून खरवडलेला. पण प्रत्येक जण आपापल्या एकाच जागी चुकलेला होता, बाकीच्या जागी बरोबर. मुलगा पकडीच्या खुणांवरून सांगायचा, हा आधीचा, हा नंतरचा, इथं आपण खाली लाकूड दिलं होतं, इथून ते काढलं. ती ऐकत जायची आणि त्या कच्च्या प्रोग्राममध्ये बदल करत जायची. मध्येच भांडायचे. "असं नव्हतं." "असंच व्हतं, तू म्हणाली व्हतीस, कापायचा क्रम उलटा कर." "मी नाही, तुम्हीच." मी पलंगावर बसून भेंडी चिरत होते. कंपनीनं पाठवलेलं चित्र तिच्या मेलमध्ये होतंच, त्यामुळं काय करायचं हे माहीत होतं. कसं करायचं, ते त्या नापास पिसांच्या अंगावर होतं. एवढ्या विचारानं केलेल्या सोयी बसल्या जागी गेल्या, आणि मी भंगारातून उचलून आणलेलं तेवढं राहिलं. यात माझी काही हुशारी नाही. मला मांजरासाठी वजन हवं होतं.

सोमवारपर्यंत दोघं शेडवरच राहिल्यासारखे राहिले. मी डबा पोचवायची, जेवणाचा. गेल्यावर दोघं बोलत नसले तर समजायचं, पीस बिघडला. शनिवारी बोलत नव्हते. रविवारी संध्याकाळी गेले तर मुलगा मशीनच्या काचेला कपाळ लावून उभा, आणि ती त्याच्या मागं स्टुलावर चढून त्याच्या खांद्यावरून बघतेय. मी आल्याचं कुणाला कळलंही नाही. मी डबा ठेवून परत आले.

सोमवारी कंपनीत तीन नमुने नेले. मुलगा आत गेला, सून गेटबाहेर गाडीवर बसून राहिली, आणि मी घरी शेवया मोडत बसले, ज्या मोडायची काही गरज नव्हती. दुपारी फोन आला.

"आत्या, दोन पास. एक नापास."

"म्हंजी काम मिळालं का गेलं, त्ये बोल."

"मिळालं. तिसऱ्यात जरा सुधारा म्हणलेत."

"मग रडती कशाला?"

"रडत नाही. इथं धूळ आहे."

चाकणला धूळ आहे हे खरंच आहे. मी पुढं विचारलं नाही.

त्यानंतर तिनं सगळं नव्यानं बांधलं. आता संध्याकाळी आरसिंक उठला की आधी डिस्कवर एक खुणेची फाइल आहे का ते बघतो. ती नसेल तर काही न करता थांबतो आणि फोनवर कळवतो, की डिस्क दिसत नाही. पुसायची फाइलही लगेच पुसत नाही, वेगळ्या जागी काढून ठेवतो, जशी मी जुनी लुगडी ठेवते. पेन ड्राइव्ह नव्या पद्धतीनं आखला. गाठोडं बांधून झालं की ते पुन्हा शेवटपर्यंत वाचून बघितलं जातं, आणि त्याच्यानंतरच निरोप येतो. निरोपात आता "झालं" नसतं. किती फायली गाठोड्यात घातल्या आणि किती परत वाचून बघितल्या, ते असतं. भाचा म्हणाला, "वहिनी, गाढव शहाणं झालं." ती म्हणाली, "गाढव पहिल्यापासून शहाणंच होतं, भावजी. हाकणारी शिकली."

आणि खंडेनवमीची रीत थोडी बदलली. पाट मांडायच्या आधी ती माझा जुडगा मागते. रविवारच्या गाठोड्यातून डोळे मिटून एक काम निवडते, कितीही जुनं असो, आणि त्या प्रोग्रामवर मुलगा एक पीस कापतो. मापं जुळली, की तो पीस पाटावर मधोमध. डिस्क कॉम्प्युटरलाच राहते, तिला लांबूनच हळदीकुंकू दाखवतात. पहिल्या वर्षी निघालेलं काम इतकं जुनं होतं, की मुलालाही आठवेना ते कशाचं. मशीननं कापून बाहेर काढल्यावर म्हणाला, "आरं, ह्यो तर आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाचा बुश!" आणि दोघं तो बोटभर नळीसारखा बुश हातात घेऊन किती वेळ उभे होते. नारळ तसाच पडलेला.

डबा अजून माझ्या खोलीतच आहे. मी काही दिवस त्याच्याशी अबोला धरला होता, मग सोडला. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं होतं. दिवेलागणीला तो बोलतो आणि मी कान देते. जास्त वेळ बोलला की हातातलं टाकून सुनेला फोन करते. "आत्या, आज नवीन कामं जास्त होती," असं ती सांगते, आणि वैतागत नाही.

दुधावरचं वजन मात्र मला परत मिळालं नाही. ते नापास पीस दोघांनी शेडमध्ये फळीवर ओळीनं लावून ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाहीत. मी महिनाभर झाकणावर वरवंटा ठेवला. मग कंपनीनं तपासून परत दिलेल्या त्या दोन पास नमुन्यांतला एक मुलगा देवघरात ठेवायला घेऊन आला. देवघरात आधीच दाटी आहे. मी तो पातेल्यावर ठेवला. मांजराला पास-नापास कळत नाही, पण वजन चांगलं आहे.